खलाशाचं गाणं

जॅझच्या कार्यक्रमात लोकांना कोणतं गाणं सगळ्यात जास्त आवडतं, हे ट्रंपेटवाल्याला विचारू नका. तो डोळे मिटून फुंकत असतो. पियानोवालीलाही विचारू नका, तिची पाठ लोकांकडे. विचारायचंच असेल तर मागे भिंतीला लागून उभ्या असलेल्या बेसवाल्याला विचारा. माणसाहून उंच असं ते लाकडी धूड कवेत धरून तो तास दोन तास उभा असतो. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही आणि तो मात्र एकूण एक चेहरा बघत असतो.

आपला बेसवाला असा एकतीस वर्षं उभा होता. फर्निचरच्या एका दुकानावर लांबट हॉल होता. दर रविवारी दुपारी तिथं लोक जेवायला यायचे आणि हे चौघं वाजवायचे. ट्रंपेटवर बँडचा कप्तान, पियानोवर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, ड्रमवर एक जाडजूड, सदा घामेजलेला ड्रमवाला आणि बेसवर हा. ह्याला सगळे ओंडक्या म्हणायचे. पहिल्याच रविवारी बेस घेऊन जिना चढताना तो वळणावर अडकून बसला, तेव्हा खालून कप्तान ओरडला होता, "अरे, ह्यातला ओंडका कोणता आणि माणूस कोणता?" ते जे चिकटलं ते चिकटलं. आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत काचा घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. तिथंही त्याला गिऱ्हाईक कधी बघायचं नाही. म्हणजे बाबाचा जन्मच मागच्या बाजूला गेला म्हणा ना.

तर ओंडक्याला विचारलंत, तर तो सांगायचा, लोकांना आवडतं ओळखीचं गाणं. पहिल्या चार ठोक्यांत ओळखता आलं पाहिजे. ओळखलं की लोक एकमेकांकडे बघून माना डोलवतात, जणू गाणं ह्यांनीच रचलंय. दुसरं, संथ गाणं. संथ गाण्याला नवऱ्याचा हात हळूच बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर जातो. तिसरं, सुसाट गाणं, ज्यात ड्रमवाला अंगात आल्यासारखा बडवतो आणि एक काठी हमखास खाली पाडतो. काठी पडली की टाळ्या जास्त.

आणि आवडत नाही ते बेस. जॅझमध्ये आधी सगळे मिळून गाण्याची चाल वाजवतात, मग एकेक जण आपल्या पाळीला त्या चालीवर मनाला येईल ते वाजवतो, आणि शेवटी कप्तानानं स्वतःच्या टाळूवर हात थोपटला की सगळे मूळ चालीवर परत येतात. ह्यात बेसची पाळी आली रे आली की लोकांना बोलायचं आठवतं. मीठ कुठंय, धाकटीचं लग्न ठरलं का, तुमच्या गुडघ्याचं काय झालं. एका गृहस्थांनी तर कार्यक्रम संपला असं समजून कोट चढवला होता. ओंडक्यानं मग स्वतःहूनच पाळी घेणं सोडून दिलं. कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

पण ह्या सगळ्यांच्या वर एक गाणं होतं. त्याला लोक खलाशाचं गाणं म्हणायचे. ते सुरू व्हायच्या आधी कप्तान टोपी काढून छातीशी धरायचा आणि सांगायचा, एक खलाशी होता, जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचा. बायको किनाऱ्यावर वाट बघत होती. तिच्यासाठी त्यानं डेकवर बसून ही चाल रचली. जहाज काही परत आलं नाही, पण कुणाच्या तरी कोटाच्या खिशातून कागद तेवढा परत आला. इथं कप्तान थांबायचा. हॉलमध्ये चमचा वाजायचा नाही. मग ट्रंपेट सुरू, आणि पहिल्या ओळीलाच चार-पाच जणींचे रुमाल बाहेर.

खलाशी वगैरे कुणी नव्हता हो. ते गाणं ओंडक्याचं होतं.

झालं होतं असं. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं मोठं ऑपरेशन झालं. वाचते की नाही अशी वेळ होती. पंधरा दिवस हा दवाखान्याच्या बाकावर बसून होता. करायला काही नाही, म्हणून बाकाच्या लाकडावर बोटं वाजवत राहिला आणि त्या वाजवण्यातून एक चाल जमून आली. बायको घरी आल्यावर त्यानं स्वयंपाकघरात बेस उभा करून तिला ती वाजवून दाखवली. ती उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "हे माझं आहे हां. कुणालाही ऐकवा, पण हे माझं आहे."

आता त्यानं काय करावं? बँडमध्ये कप्तानाचा दंडक होता, घरचं गाणं वाजवायचं नाही. कारण महिनाभरापूर्वी पियानोवाल्या बाईंनी स्वतःचं एक गाणं स्वतःचं म्हणून वाजवलं होतं आणि लोकांनी पाहुण्यांच्या पोरानं कविता म्हटल्यावर वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या होत्या. ओंडक्याला ते नको होतं. म्हणून त्यानं कागदावर चाल लिहिली, वर आपल्याच हातानं ठसठशीत लिहिलं, 'रचना: एक खलाशी', आणि कप्तानाला सांगितलं, जुन्या बाजारात एका रेकॉर्डवर ऐकली, कुण्या मेलेल्या खलाशाची आहे. मेलेल्या माणसाचं गाणं लोक जरा जपून ऐकतात, एवढंच त्याचं गणित. महिन्याभरात खरं सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं.

पण पहिल्याच रविवारी सगळा हॉल टाळ्या वाजवत उठून उभा राहिला. दुसऱ्या रविवारी कप्तानानं खलाशाला बायको दिली. तिसऱ्या रविवारी जहाज बुडवलं. ओंडक्यानं दोन वर्षांनी धीर करून खरं सांगितलं, तेव्हा कप्तान पोट धरून हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आता मात्र मरेपर्यंत तोंड उघडू नकोस." हे त्यानं मान्य केलं म्हणून बायको चार दिवस बोलली नाही. पुढं बोलायला लागली, पण हॉलमध्ये येणं तिनं बंद केलं. ती खोटी गोष्ट कानांनी ऐकवत नाही म्हणाली.

गाणं मात्र गावभर झालं. दुसरे बँड वाजवायला लागले, लग्नात वाजायला लागलं. एकदा विजेच्या तक्रारीसाठी फोन केला तर 'थांबा, आपला फोन महत्त्वाचा आहे' म्हणून तेच लावलेलं. चाळीस मिनिटं स्वतःचंच गाणं कानाला लावून तो उभा राहिला आणि शेवटी फोन कट झाला. बायको म्हणाली, "खलाशाला सांगा ना तक्रार करायला."

असं चाललं असतं. पण त्या वर्षी एका रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, शांत, कानामागे पेन्सिल. त्यानं आठ रविवार प्रत्येक टेबलावर चिठ्ठ्या ठेवायचं ठरवलं. चिठ्ठीवर बावीस गाण्यांची नावं. लोकांनी आवडत्या तीन गाण्यांपुढे खूण करायची, मध्यंतरात चिठ्ठ्या गोळा करायच्या, आणि ज्या दहांना जास्त खुणा ती दहा रेकॉर्डवर. प्रत्येक गाण्याखाली रचणाऱ्याचं नाव. पाच रविवार झाले. पाचही वेळा खलाशाचं गाणं पहिलं, दुसरं गाणं त्याच्या आसपासही नाही. मग रेकॉर्डवाल्यानं कप्तानाला विचारलं, "त्या खलाशाचं नाव काय? छापायला लागेल." आणि कप्तानानं खलाशाला बायको दिली होती, जहाज दिलं होतं, नाव तेवढं दिलं नव्हतं.

ओंडक्यानं हे मागून ऐकलं. तो वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आला होता की आपल्याला काही पडलेली नाही. कशाची पडलेली नाही? चांगली पडलेली होती! छापलेलं नाव म्हणजे कायमचं झालं. आता खलाशी छापला गेला की मग देव आला तरी तो पुसणार नव्हता. तो दुपारीच रेकॉर्डवाल्याला गाठून म्हणाला, "ते माझं आहे."

रेकॉर्डवाल्यानं फाइलमधून कप्तानाकडून घेतलेला तो जुना पिवळा कागद काढला. "काका, हे अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"मग तुम्हीच लिहिलंय की, खलाशी म्हणून."

ओंडक्यानं बाकापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्यानं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असं करू. सहाव्या रविवारी तुमच्या कप्तानानं हॉलमध्ये सगळ्यांसमोर हे सांगायचं. माइक चालू असेल, मी स्वतः तिथं असेन. कुणी हरकत घेतली नाही, की मी तुमचं नाव छापतो. जुने लोक येतात इथं, खोटं असेल तर कुणीतरी बोलेलच."

ओंडक्या तडक कप्तानाच्या घरी गेला. कप्तान बेसिनमध्ये कोमट पाण्यात ट्रंपेट बुडवून लांब ब्रशनं आतून घासत होता.

"सांगशील ना?" ओंडक्यानं विचारलं.

"अरे, लोक त्या खलाशाला टाळ्या वाजवतात. तुला नाही."

"मग एकदा मला वाजवू देत की. तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. तुझंच जाईल." कप्तानानं नळी उलटी करून त्यातलं पाणी झटकलं. "तुला काय वाटतं, मी हौस म्हणून ते जहाज बुडवलं? लोकांना आधी रडायला जागा लागते, गाणं नंतर. पण ठीक आहे. तुझं आहे, सांगतो. मग माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं. रविवारी सकाळी तिनं निळी साडी इस्त्री केली, तेव्हा ओंडक्या काय ते समजला. इतक्या वर्षांनी ती त्याच्याबरोबर जिना चढली. भिंतीजवळच्या टेबलाशी, त्याला दिसेल अशी बसली.

तिसऱ्या गाण्यानंतर कप्तानानं टोपी काढली. लोक सावरून बसले, रुमाल हाताशी घेतले.

"ह्या गाण्याची गोष्ट मी तुम्हाला फार वर्षं सांगत आलो," कप्तान म्हणाला. "ती खोटी आहे. खलाशी नव्हता. हे गाणं आमच्या ह्या ओंडक्यानं रचलंय, त्याची बायको आजारी होती तेव्हा."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. इतकी वर्षं ज्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, त्या माणसाकडे दीडशे लोक एकदम बघायला लागले. हाफ स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा, बेसच्या मागून डोकावणारं टक्कल. "हा?" पुढच्या टेबलावरचे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले. "कप्तान, भारी हां!"

"अहो, खरंच सांगतोय," कप्तान म्हणाला. लोक आणखी हसले.

वाजवायला सुरुवात झाली. तेच गाणं, तीच चाल, आणि कप्तानानं त्या दिवशी जीव ओतला होता, खोटं कशाला बोला. पण रुमाल बाहेर आले नाहीत. लोक हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते, आता ह्यात आणखी काय गंमत आहे अशा नजरेनं. मधेच कप्तानानं ओंडक्याकडे बोट केलं. तुझं गाणं, घे पाळी. ओंडक्यानं घेतली. बाकावरचे पंधरा दिवस त्यानं चार तारांवर आणायचा प्रयत्न केला, आणि दहाव्या ठोक्याला हॉल बोलायला लागला. मीठ. गुडघा. एक म्हातारबाबा वेटरला विचारत होते, "खलाशाचं कधी वाजवणार आहेत?" शेवटी कप्तानानं टाळूवर हात थोपटला आणि सगळे एकदाचे चालीवर परत आले.

मध्यंतरात रेकॉर्डवाल्यानं चिठ्ठ्या मोजल्या. खलाशाच्या गाण्याला चार खुणा. बावीसमध्ये एकोणिसावं. एका चिठ्ठीवर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आज गोष्ट का नाही सांगितली?'

"ते जाऊ द्या," रेकॉर्डवाला म्हणाला. "पाच रविवारच्या खुणांवर गाणं येतंय रेकॉर्डवर. आणि लोक हसले, पण हरकत कुणी घेतली नाही. ठरल्याप्रमाणे तुमचं नाव घालतो." त्यानं कानामागची पेन्सिल काढली. ओंडक्यानं आधी बायकोकडे पाहिलं. तीन पावलांवर बायको बसली होती. तिनं ऐकलं होतं. तिनं नुसती मान हलवली, हसली सुद्धा थोडीशी.

आणि नेमकी तेव्हाच एक बाई आली.

साठी उलटलेली, पांढरे केस, मुलीच्या हाताला धरून टेबलांमधून वाट काढत. ओंडक्यानं तिला अनेकदा पाहिलेलं होतं, कारण तो सगळ्यांनाच पाहायचा. ती कप्तानाकडे गेली नाही, सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, आमचे हे बोटीवर होते," ती म्हणाली. "गेले ते आलेच नाहीत. बाकीच्यांची काही ना काही वस्तू तरी परत आली, आमच्याकडे काहीच आलं नाही. मग इथं ही गोष्ट ऐकली. मला वाटायचं... मला माहितीये हो, वेडेपणा आहे. पण मला वाटायचं, हे त्यांनीच धाडलंय." तिनं मुलीचा हात सोडला. "आज कप्तान म्हणाले ते खरं का? तुम्हीच केलंय? खरं असेल तर खरं सांगा, मी काही म्हणणार नाही."

मुलगी आईच्या मागून ओंडक्याकडे बघत होती आणि मानेनं नाही-नाही करत होती.

ओंडक्यानं रेकॉर्डवाल्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.

"छे हो," तो म्हणाला. "मी कुठला करतोय? मला काचा घासता येतात. खलाशाचंच आहे ते. आमच्या कप्तानाला मेली चेष्टेची सवय."

बाईनं त्याचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मुलीनं तिला सावकाश टेबलापर्यंत नेलं.

रेकॉर्डवाला पेन्सिल हातात धरून तसाच उभा होता. "काका, मला कळतं, तुम्ही का म्हणालात ते. पण दोन्ही गोष्टी तुमच्याच तोंडच्या. आणि ही रेकॉर्ड उद्या त्या बाईंच्या हातात पडणार. काय लिहू ते तुम्हीच सांगा."

अजूनही वेळ होती, हे लक्षात घ्या. दोन शब्द म्हणायचे होते. स्वतःचं नाव, बस.

"खलाशी लिहा," ओंडक्या म्हणाला.

बायको उठली. तिनं पर्स खांद्याला लावली, साडीचा पदर नीट केला आणि त्याच्याजवळ आली. आवाज चढवला नाही.

"अगं, तिचा नवरा बुडाला," तो म्हणाला. "तिच्या तोंडावर काय सांगणार होतो मी?"

"तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं तुम्हाला," ती म्हणाली. "मी रडले नाही म्हणून मला काही वाटतच नाही असं समजून चालता. त्या खाटेवर मी होते. तिथून मी परत आले, त्याचं ते गाणं होतं. आणि तुम्ही दोनदा देऊन टाकलंत. पहिल्यांदा भित्रेपणानं दिलंत, ते मी सोसलं. आज चांगुलपणानं दिलंत. ह्यावर मी भांडू तरी कशी?"

ती जिना उतरून गेली.

मध्यंतर संपताना वेटरनं कप्तानाच्या हातात एक चिठ्ठी आणून दिली. त्याच्या मागून दुसरी, तिसरी. खलाशाचं पुन्हा वाजवा. नीट वाजवा. गोष्टीसकट. कप्तानानं चिठ्ठ्या ओंडक्यापुढे धरल्या आणि पहिल्यांदाच त्याची परवानगी मागितल्यासारखा थांबला.

"सांग," ओंडक्या म्हणाला. "नेहमीसारखी सांग."

कप्तानानं टोपी काढली. मघाची माझी चेष्टा माफ करा म्हणाला, आणि खलाशाला पुन्हा डेकवर बसवलं. हॉलनं निःश्वास सोडला. ह्या खेपेला कोटाच्या खिशातला कागद आला तेव्हा ती पांढऱ्या केसांची बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली आणि तिच्याबरोबर अर्धा हॉल रडला. ड्रमवाल्यानंसुद्धा नाक ओढलं. शेवटच्या सुरानंतर सगळे उभे राहिले, आणि भिंतीजवळचं एक टेबल तेवढं रिकामं होतं.

ओंडक्या मान खाली घालून तारा पुसत राहिला. आत्ता त्या खोट्या गोष्टीमागे आपण जितकं सुंदर वाजवलं तितकं एकतीस वर्षांत कधी वाजवलं नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि आपल्या हातांचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला.